फौती, पौती आणि आक्काची सही

गल्लीतल्या दोघांनी आणि नंदगडच्या एका पाहुण्यानं माझ्याकडून त्या ‘पौतीच्या कागदांची’ झेरॉक्स नेली, तेव्हा वाटलं, वडिलांची जमीन वारसांच्या नावावर कशी करून घेतली, ते सगळं एकदाच लिहून ठेवावं. नुसते कागद हवे असतील त्यांनी मधल्या घरगुती गोष्टी सोडून वाचावं. खरं माझं काम अडकलं ते त्या घरगुती गोष्टींतच, म्हणून मला त्या गाळता येत नाहीत.

३० जून २०२३ ला मी पोस्टातून निवृत्त झालो. शेवटची नेमणूक कोल्हापुरात, त्याआधी सांगली, इस्लामपूर, गडहिंग्लज. इतकी वर्षं दुपारी साडेतीनला बॅग बंद करायची सवय. निवृत्तीनंतर साडेतीन वाजले की हात काहीतरी शोधायचे आणि बंद करायला बॅग नसायची. मग टीव्ही लावायचा. संध्याकाळी पाचपासून चर्चा सुरू. एका पडद्यावर सहा चौकटी, सहांतून सहा माणसं एकदम बोलणारी. ऐकून ऐकून मी घरातही तसाच बोलायला लागलो. एकदा ताट वाढताना बायको म्हणाली, “हे कुणाला सांगालाय? मी तर काहीच बोलले नाही.”

पुण्यातला मुलगा एका बाजूचा, मी दुसऱ्या. तो फोनवर मोजून चार मिनिटं बोलायचा, त्यातली दोन आईशी. चंदगडकडे दिलेल्या थोरल्या बहिणीशी, आक्काशी, चार वर्षं धड बोलणं नव्हतं. त्याचं कारणही हेच. २३ मे २०१९, लोकसभेच्या निकालाचा दिवस. घरच्या ग्रुपवर दाजींनी काहीतरी टाकलं, मी त्यावर टोचून लिहिलं, दाजी ग्रुप सोडून गेले. आक्का ग्रुपवर राहिली, पण त्यानंतर तिनं कुणाच्या वाढदिवसालाही फुलं टाकली नाहीत. लग्नकार्यात भेटलो की “बरा हाईस?” “बरा हाय.” संपलं.

भाड्याच्या घरात निवृत्तीचं आयुष्य परवडण्यासारखं नव्हतं, हे कर्नाटकातल्या आपल्या गावी यायचं खरं कारण. शांत जगणं वगैरे शब्द मला नंतर सुचले. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, २५ ऑक्टोबरला, टेम्पो भरून निघालो. कागल सोडलं, दूधगंगेचा पूल आला, कोगनोळीचा टोलनाका दिसायला लागला आणि टेम्पोवाल्यानं विचारलं, “काका, नंबर एमएच हाय, काय लफडं न्हाई न्हवं?” डिसेंबर २०२२ मध्ये सीमावादात बेळगावकडच्या हिरेबागेवाडीजवळ महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगडफेक झाली होती, ते त्याच्या डोक्यात. मी म्हटलं, आता शांत आहे. टेम्पोत माझं पलंग-कपाट आणि एक जुना पोस्टाचा तराजू होता. त्यावर कोण दगड मारणार!

आमचं गाव बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या वाटेवर. पावसाचा मुलूख, भाताची शेतं, कडेला काजू, पुढे जंगल. गवे रात्री शेतात येतात. पेपर बसनं येतो, म्हणजे दहाच्या सुमारास, बस आली तर. डिश लावून घेतली होती, आठवड्यात माकडांनी वायर तोडली. माणूस बोलावला, तो ‘उद्या येतो’ म्हणाला. तो उद्या अजून आलेला नाही. टीव्ही सोडला म्हणून माझं कुणी कौतुक करू नये, ते श्रेय माकडांचं.

पहिला धडा १ नोव्हेंबरला मिळाला. सकाळी फाईल काखेत मारून तालुक्याला गेलो. बस रिकामी, कचेरीला कुलूप. कोपऱ्यावरच्या चहावाल्यानं बघितलं आणि म्हणाला, “आज राज्योत्सव की हो, मास्तर.” छत्तीस वर्षं महाराष्ट्रात राहून मी विसरलो होतो. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात आला, आक्काचा चंदगड तालुका तेवढा तिकडे राहिला. म्हणून बेळगावात या दिवशी चन्नम्मा चौकात राज्योत्सवाची मिरवणूक निघते आणि महाराष्ट्र एकीकरण समितीची, म्हणजे हा भाग महाराष्ट्रात मागणारी, माणसं काळा दिन पाळतात. कॉलेजात असताना काळी फीत लावून मीही फेरीत चाललो आहे. आता एका कागदासाठी आलेला म्हातारा म्हणून चहा पिऊन परत आलो. तेव्हा सांगायचं म्हणजे, कर्नाटकातल्या सरकारी सुट्ट्या वेगळ्या असतात. निघायच्या आधी इकडचं कॅलेंडर बघा.

आता काम काय होतं ते सांगतो. आप्पा, म्हणजे आमचे वडील, २०१६ मध्ये गेले. जमीन एक एकर अकरा गुंठे, तीही त्यांच्याच नावावर. आमच्याकडे सातबारा नाही, आरटीसी असते. लोक तिला उतारा म्हणतात, कानडीत पहाणी. नवव्या रकान्यात मालकाचं नाव, अकराव्यात कर्जाचा बोजा. नवव्या रकान्यात मेलेला माणूस असला की पीक कर्ज नाही, पीक विमा नाही, नुकसानीची भरपाई नाही. गव्यांनी भात तुडवलं तरी अर्ज कुणाच्या नावानं करणार?

त्याआधी आधारवर गावचा पत्ता करून घेतला. ग्रामपंचायतीचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला, त्यावर फोटो, फोटोवर शिक्का अर्धा आत अर्धा बाहेर, आणि तेव्हा ५० रुपये फी. नवं आधार आलं त्यावर माझं नाव इंग्रजीत आणि कानडीत होतं. इतकी वर्षं लोकांची नावं वाचून पत्रं वाटायला लावली, आणि स्वतःचं नाव मला वाचता येईना. पाकीट हातात घेऊन ओट्यावर बराच वेळ बसलो. राग नव्हता, आपल्याच घरात पाहुणा झाल्यासारखं काहीतरी वाटलं.

बायकोला मात्र त्या आधारचा पहिल्या दिवसापासून उपयोग. कर्नाटकचा पत्ता असलेल्या बायकांना सरकारी बसनं फुकट प्रवास, जून २०२३ पासून. कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट फाडतो, ते जपून ठेवायचं. तिकडे महाराष्ट्रात लाल परीत बायकांना अर्धं तिकीट. दोन राज्यांचं एकमत झालेला हा एवढाच विषय माझ्या पाहण्यात आहे. तिकीट काढणारा मी एकटाच.

११ डिसेंबरला, सोमवारी, होबळीच्या, म्हणजे तालुक्याच्या आमच्या भागातल्या, नाडकचेरीत पहिला अर्ज दिला. कागद: उतारा, आप्पांचा मृत्यूदाखला, माझं आधार, वंशावळ आणि एक प्रतिज्ञापत्र. टायपिंग, स्टॅम्प, नोटरी मिळून साडेतीनशे रुपये गेले. खिडकीतली पोरगी कानडीतून काहीतरी म्हणाली, त्यातला एकच शब्द कळला, “पौती.” पौती खाते. मी परत विचारलं. “पौती, पौती!” आणि एकदम डोक्यात उजेड पडला. फौती! मेलेल्या माणसाच्या जागी वारसांची नोंद म्हणजे फौती, आप्पा हाच शब्द वापरायचे. मग खिडकीवरच्या बाकी शब्दांना मी कान दिला. अर्जी, तकरारू, वारसा, जमीनू, नकलू, दाखले, हुकूम, रजे. शेताची मोजणी ज्या संगणक प्रणालीवर चालते तिचं सरकारी नाव ‘मोजिणी’. कचेरीला तर ते कचेरीच म्हणतात. गाव कुणाचं यावर साठ-सत्तर वर्षं भांडण चाललंय, पण दप्तर दोघांचं एकच. आणि त्यातले बरेच शब्द ना त्यांचे ना आपले, फारसीतून आलेले.

डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असतं. त्या दोन आठवड्यांत साहेब भेटेल अशी आशा ठेवू नका. मी तीनदा गेलो. दोनदा “नाळि बर्री” म्हणजे उद्या या, एकदा “सर्वर इल्ल”, म्हणजे सर्व्हर नाही. बाकावर बसायचं. सुरुवातीला आत आग व्हायची, हे माझ्या खिडकीवर कुणी केलं असतं तर मी कसं ऐकवलं असतं वगैरे. मग आठवलं, माझ्या खिडकीवरही ‘लिंक नाही’ ही पाटी वर्षातून कितीतरी दिवस असायची आणि आतून मी लोकांकडे बघायचं टाळायचो.

बाकावर बिडी गावाकडचे एक आजोबा भेटायचे. लिंगायत, धोतर, डोक्याला रुमाल. त्यांना मराठी समजे, मला कानडी अर्धं समजे. त्यांचीही पौतीच, अकरा महिन्यांपासून. मला वाटायचं, भाषा येत नाही म्हणून आपल्याला फिरवतात. या माणसाची भाषा तीच, शेजारचा खिडकीवाला ओळखीचा, तरी तो माझ्या आधीपासून बाकावर. ते शेंगा आणायचे, मी पेपर. मी मथळे मराठीतून सांगायचो, ते ऐकून “यारू बंदरू अष्टेरी” म्हणायचे, कुणीही आलं तरी तेवढंच. यावर माझं मत वेगळं होतं. कोण आलं याला फार महत्त्व आहे असं मला अजून वाटतं. पण वाद घालावासा वाटला नाही. शेंगा संपल्या नव्हत्या.

१९ जानेवारी २०२४ ला अर्ज परत आला. शेरे दोन. एक, उताऱ्यावर मालक ‘परसू’ आणि मृत्यूदाखल्यावर ‘परशराम’, तेव्हा हे एकच कशावरून? दोन, वंशावळीत मुली दाखवल्या नाहीत.

पहिलं सोपं. दोन्ही नावं एकाच माणसाची असं वेगळं प्रतिज्ञापत्र, गावातल्या दोघा जाणत्यांच्या सह्या. ज्यांचे वडील-आजे दप्तरात बाळू, गुंडू, परसू म्हणून बसलेत, त्यांनी हे आधीच करून ठेवावं, एक खेप वाचते.

दुसरं माझ्या चुकीमुळे झालं. वंशावळ मीच लिहून दिली होती आणि आक्काचं नाव मीच घातलं नव्हतं. टायपिस्टनं विचारलं होतं, “बहीण नाही?” मी म्हटलं होतं, “तिला काही नको आहे.” तिला न विचारता. वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीचा हक्क मुलाइतकाच, हे पोस्टाच्या बचत खात्यांच्या वारसांना मीच खिडकीतून समजावून सांगत होतो.

तर आता चंदगडला जाणं भाग होतं. तीन आठवडे टाळलं. फेब्रुवारीत एका रविवारी बायको म्हणाली, “मी येते. तुम्ही बोलू नका, नुसते बसा.” बेळगावहून वेंगुर्ल्याच्या रस्त्यानं शिनोळी आलं की महाराष्ट्र. पाटीखेरीज काही बदलत नाही. तीच रताळ्याची शेतं, तीच तांबडी माती, भांड्यांच्या दुकानात तीच घागर. माझ्या खात्याला तेवढा फरक कळतो. इकडचे पिनकोड ५९ नं सुरू होतात, तिकडचे ४१६ नं. पिनकोड १९७२ ला आले. ‘बेळगाव, महाराष्ट्र’ असा पत्ता हट्टानं लिहिलेली पत्रं माझ्या हातून कितीतरी गेली. आकडे बरोबर असले की सॉर्टर वरचं राज्य वाचतसुद्धा नाही.

आक्का अंगणात नाचण्याचे पापड वाळत घालत होती. एका हातात काठी, कावळ्यांसाठी. आम्हाला बघून उठली नाही, फक्त चटईचा कोपरा मोकळा केला. पाणी झालं, चहा झाला. बायकोनं पापड उलटायला घेतले. मी म्हटलं, “आक्का, वंशावळीत तुझं नाव घालायचं राहिलं.”

“राहिलं, का घातलं न्हाईस?”

त्याला उत्तर नव्हतं. माझ्या पिशवीत, फाईलच्या खालच्या कप्प्यात, हक्कसोडपत्राचा मसुदा टाईप करून आणलेला होता. बायकोलाही माहीत नव्हतं. तो बाहेर काढला नाही. आक्काच पुढं म्हणाली, “मला एक गुंठा बी नको. भात पिकव, खा. खरं नाव राहू दे. आप्पाच्या खाली माझं नाव हाय, एवढं कागदावर असू दे.”

दाजी तोपर्यंत पडवीत चष्मा लावून मोबाईल बघत बसलेले. आत आले, माझ्यासमोर बसले. “पेन्शन किती बसली?” मी आकडा सांगितला. “हं.” मग थोड्या वेळानं, “तुझा तवाचा मेसेज मी अजून पुसलेला न्हाई.”

“मी पण तुमचा न्हाई पुसला.”

कावळा आला, आक्कानं काठी आपटली. दाजी उठले, आक्काचं आधार मागून घेतलं, गाडीला किक मारली आणि तीन किलोमीटरवरच्या दुकानातून झेरॉक्स काढून आणली. दोन प्रती, वर एक जास्तीची. “लागंल तुला, कचेऱ्या लई मागत्यात.” ती तिसरी प्रत खरंच लागली. मतं त्यांची तीच आहेत, माझीही. परत निघताना त्यांनी पापडांची पिशवी सीटखाली नीट लावून दिली.

४ मार्चला नव्यानं अर्ज दिला, या वेळी आक्काचं नाव, तिचा सासरचा पत्ता आणि संमतीची सही घालून. कागद एका दिवसात घेतला, पावती मिळाली. पावती जपा, पुढे त्याच नंबरावर सगळं चालतं. आणि १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. तलाठी निवडणुकीच्या कामाला, शिरस्तेदार निवडणुकीच्या कामाला. जून उजाडेपर्यंत आमची फाईल कुणी उघडली नाही.

मतदानाचंही थोडं सांगायला हवं. नाव कोल्हापूरहून इकडे आणायला आता आठ नंबरचा फॉर्म लागतो. पत्ता बदलणं आणि नावातली दुरुस्ती, दोन्हीला तोच. मी डिसेंबरात मोबाईलवरून भरला होता. घरी येऊन तपासणी केली अंगणवाडीच्या बाईंनी, बीएलओ म्हणजे बूथ लेव्हल ऑफिसर म्हणून. जुन्या कार्डाचा नंबर तोच राहतो. गंमत अशी की खानापूर तालुका जिल्ह्यानं बेळगावचा, पण लोकसभेला उत्तर कन्नड मतदारसंघात. म्हणजे आमचा खासदार कारवार-शिरसीकडच्या मतांवर ठरतो. सीमाभागातल्या माणसाला सगळीकडून कडेलाच बसवलेलं असतं, असं आमचा एक दोस्त म्हणतो.

हा दोस्त समितीचा जुना कार्यकर्ता. शाळेपासूनचा. १९८६ मध्ये कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनात लाठी खाल्लेला. मी कानडीत अर्ज दिला म्हणून दोन महिने माझ्या ओट्यावर आला नाही. त्याचं म्हणणं चुकीचं नाही. भाषिक अल्पसंख्याक जिथे १५ टक्क्यांच्या वर आहेत तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्यायच्या, हे केंद्रानं राज्यांसाठी ठरवलेलं आहे, आणि खानापुरात मराठी माणसं किती हे कुणाला मोजून दाखवायला नको. तो दरवर्षी मराठी परिपत्रकांसाठी अर्ज करतो आणि पोचपावत्यांची फाईल ठेवतो. फाईल आता विटेएवढी जाड झालीय. सीमाप्रश्नावरचा महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा, सर्वोच्च न्यायालयातला दावा २००४ चा. २०१८ पासून समितीचा एकही आमदार निवडून आलेला नाही. तरी तो अर्ज करतो. मी कामासाठी वाकलो, तो वाकला नाही. यात कोण शहाणा, हे मी अजून ठरवलेलं नाही.

७ मे ला मतदान झालं. सकाळी सातला रांगेत तो माझ्या पुढे दोन माणसं सोडून उभा. बोललो नाही. दुपारी आक्काचा फोन. कोल्हापूर मतदारसंघाचं मतदानही त्याच दिवशी होतं. “शाई लागली काय बोटाला?” “लागली.” “माझ्या बी. ह्यांनी तुला इचारलंय, कुणाला टाकलंस?” मागून दाजींचं हसणं ऐकू आलं. मी सांगितलं नाही. त्यांनी पुढं विचारलं नाही.

त्या रिकाम्या महिन्यांत मी कानडी अक्षरं शिकलो. शेजारी बैलहोंगलकडून आलेलं एक मास्तरांचं घर आहे, त्यांचा तिसरीतला नातू माझा गुरू. फी म्हणून रोज एक जुना स्टॅम्प. अक्षरांचा क्रम आपलाच, क ख ग घ ङ. फक्त सगळं गोल, ताकाचे थेंब सांडल्यासारखं, आणि डोक्यावर शेंडी. काना म्हणजे शेंडीला पुढे वळवलेली शेपटी. पंधरा दिवसांत बसच्या पाट्या लागायला लागल्या, महिन्याभरात उताऱ्यावरचं ‘परसू’. ते वाचलं त्या दिवशी त्या पोराला दोन स्टॅम्प दिले.

जूनमध्ये धूळवाफेवर भात पेरून झालं आणि एके दिवशी तलाठी पंचनाम्याला आले. तरुण मुलगा, हावेरीकडचा, मराठी मोडकं. पंच दोन हवेत. शेजारचे मास्तर आलेच. दुसरा कुणी सापडेना, सगळे शेतावर. शेवटी दोस्ताकडे गेलो. तो म्हणाला, “कानडी कागदावर मी सही करत न्हाई, तुला ठाऊक हाय.” मी म्हटलं, “मी वाचून दाखवतो, मग ठरीव.” ओट्यावर बसून, बोट ठेवून, अडखळत, सगळा पंचनामा वाचला आणि मराठीत सांगितला. मास्तर दोनदा दुरुस्त करत होते. आप्पांच्या नावापाशी तो म्हणाला, “परसूच लिहिलंय व्हय?” “परसूच.” मग त्यानं पेन घेतलं आणि मास्तरांच्या सहीखाली मराठीत संपूर्ण नाव घातलं, वडिलांच्या नावासकट, मुद्दाम एवढं मोठं की दोन ओळी खाल्ल्या. तलाठ्यानं काही हरकत घेतली नाही. सही कुठल्याही लिपीत चालते, हे तुम्हीही लक्षात ठेवा.

जुलै पावसात गेला. मलप्रभा भरून वाहिली, नऊ दिवस वीज नव्हती, मोबाईलही गप्प. देशात काय चाललंय ते कळलं नाही. पहिले दोन दिवस अस्वस्थ होतो, नंतर बांध फुटेल काय एवढीच काळजी उरली. दोस्त आता रोज यायला लागला होता. राजकारण निघतं, आवाज चढतो, मग कुणाच्या तरी शेतात पाणी शिरल्याची बातमी येते आणि दोघं छत्री घेऊन उठतो. ग्रुप सोडता येतो, गल्ली सोडून जाणार कुठे?

ऑगस्टमध्ये हरकतीची नोटीस चावडीवर लागली. रोज जाऊन बघायचो, कुणी फाडली तर नाही ना. हरकत आली नाही. मुदत संपली, फेरफार मंजूर झाला, आणि ५ सप्टेंबरला नवा उतारा हातात पडला. पहिल्या अर्जापासून जवळजवळ नऊ महिने. फेऱ्या वहीत लिहून ठेवल्यात: एकवीस. बसभाडं, झेरॉक्स, टायपिंग, नोटरी, सगळं धरून चोवीसशे रुपयांच्या आसपास. टेबलाखालून काही द्यावं लागलं नाही. एकानं सुचवलं होतं, मी न समजल्यासारखं केलं. कानडी न येण्याचा तेवढा एक फायदा. बिडीच्या आजोबांचं काम माझ्या आधी दहा दिवस झालं, त्यांनी शेंगा दिल्या.

गौरीला आक्का माहेरी आली, दाजींना घेऊन. पाच वर्षांनी दोघं उंबरा चढले. रात्री गौरी जेवल्यावर तिनं उतारा मागितला. तिला कानडी येत नाही, तरी चष्मा लावून बराच वेळ बघत राहिली. “माझं कुठलं?” मी बोट ठेवलं. वाचायला लागलो आणि थांबलो. पुन्हा बघितलं. शेजारच्या पोराला हाक मारून खात्री केली.

“काय झालं?”

“काना राहिलाय. शांताचं शंता केलंय.”

दाजी पडवीतून म्हणाले, “घ्या. आता परत सर्वर इल्ल.” आक्का हसली, मग म्हणाली, “दुरुस्त करून मिळतंय न्हवं?” मिळतं. अर्ज, आधारची प्रत, पुन्हा ती खिडकी. दाजींनी काढलेली तिसरी झेरॉक्स मार्चमध्येच लागून गेली होती. सोमवारी जायचं ठरलंय. आक्का म्हणते, मी पण येते, बघू तरी कचेरी कशी असते. पहिली बस साडेआठची, तिनं बाकावर खायला भाकरी बांधून घ्यायची असं ठरलंय.